तुझ्या घरचा भरवसा

पास्कू,

तुझ्या मयताला इतकी माणसं आली, की चर्चच्या मागचं आवारही पुरलं नाही. ज्यांच्या लग्नात तू माइक हातात घेऊन लोकांना हसवलंस ती जोडपी आली, त्यांची वाढलेली मुलं आली. राजोडीचे कोळी आले. बोटीवरच्या तुझ्या बँडमधला ड्रमर गोव्याहून आला आणि शवपेटीशी उभा राहून लहान मुलासारखा रडला. प्रत्येकाकडे तुझी एकेक गोष्ट होती आणि प्रत्येकाला ती आधी सांगायची होती. फादर प्रवचनात म्हणाले, पास्कूने या गावाला हसायला शिकवलं. शेवटी सगळ्यांचे आभार मानताना त्यांनी हेही सांगितलं, की नेहमीप्रमाणे सगळी व्यवस्था आमच्या इनास सरांनी बघितली.

ते वाक्य मी ऐकलं नाही, मला मागून कुणीतरी सांगितलं. मी तेव्हा बाहेर होतो. उन्हात उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांसाठी मंडपवाल्याकडून आणखी खुर्च्या मागवत होतो. पेटी मीच ठरवली होती, कबर खणणाऱ्यांना मीच गाठलं होतं, तुझी लेक सुप्रिया बंगळुरूहून पोचेपर्यंत सगळं थांबवून धरायचं कामही माझ्याच अंगावर आलं होतं. लोक तुझ्यासाठी रडत होते आणि मी चहाचे कप पुरतील का ते बघत होतो. मूठभर माती टाकायला मी आलो तेव्हा रांग संपली होती. खणणारा फावडं घेऊन उभा होता. म्हणाला, सर, जरा लवकर करा.

तेव्हा राहिलेलं आज बोलतो. आज मला वेळ आहे. आता मला वेळच वेळ आहे, आणि तो कसा आला तेही तुला सांगायचंय.

आपण तिघं गायकवृंदात होतो ते तुला आठवत असेल. तू कीबोर्डवर, त्रेजा बायकांच्या रांगेत, आणि मी गाण्याच्या वह्या वाटायला आणि गोळा करायला. माझा आवाज काही वाईट नव्हता, पण वह्या कुणीतरी सांभाळायला हव्यात ना. तू सरावाला उशिरा यायचास, आणि आम्ही तासभर गात असलो तरी सराव तू आल्यावरच सुरू झाला असं सगळ्यांना वाटायचं. एखाद्या गंभीर गाण्याच्या मध्येच तू वरातीतली चाल घुसवायचास, मास्तर चिडायचे, आणि त्रेजा वही तोंडावर धरून हसायची. मी तिच्या मागच्या रांगेत असायचो. मला तिचे हलणारे खांदे तेवढे दिसायचे.

मी पापडीच्या शाळेत नुकताच लागलो होतो. गास गावात घरची वाडी होती, केळी होती, पानवेल होती. आईने रीतसर माझ्या मावशीला त्रेजाच्या घरी पाठवलं. तिच्या वडिलांना मी पसंत होतो. नापसंत करण्यासारखं माझ्यात होतं तरी काय? तुझं तेव्हा काय चाललं होतं, तर एक जुनी मोटरसायकल, एक कीबोर्ड, आणि बोटीवर नोकरी आज लागेल, उद्या लागेल, ही बोलणी.

उत्तर मावशीबरोबर येईल म्हणून मी वाट बघत होतो. पण त्रेजा स्वतःच आली. मी केळीच्या आळ्यांत पाणी सोडत होतो. ती बांधावर उभी राहिली, चपला हातात घेतल्या होत्या, आणि सरळच बोलली.

"तुझ्याशी लग्न केलं तर पुढं काय काय होईल ते मला आत्ताच दिसतंय, इनास. वाईट काही दिसत नाही. पण सगळं दिसतंय."

मी विचारलं, आणि पास्कूबरोबर? ती म्हणाली, त्याच्याबरोबर उद्याचंही दिसत नाही. हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला, की पुढं विचारण्यासारखं काही उरलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. मला वाटलं, आता ती जाईल. पण ती तिथंच उभी राहिली. मी रागावून कुठं निघून तर जाणार नाही ना, असं तिने विचारलं. आणि मी तोंड उघडायच्या आत तिने उत्तरही देऊन टाकलं.

"तू कुठं जाणार म्हणा. तू असशीलच."

हे तुला कधीच कळलं नाही, कारण मी कुणालाच सांगितलं नाही. गावात आजही लोक म्हणतात, काय धाडसी पोरगी, भरवशाचा सोडून तिने रंगेल माणूस केला. कसलं धाडस, पास्कू? माझ्या बांधावर उभं राहून तिने आधी खाली जमीन पक्की आहे का ते बघून घेतलं, आणि मग उडी मारली.

तुझ्या लग्नात बेस्टमन मी होतो. अंगठ्या तू घरी विसरलास. वेदीसमोर तू खिसे चाचपलेस आणि सगळं चर्च हसलं, फादरसुद्धा हसले. मी सायकल मारत तुझ्या घरी गेलो आणि घामाघूम होऊन अंगठ्या घेऊन आलो. ती गोष्ट तू पुढं कितीतरी लग्नांत माइकवर सांगितलीस. त्यात सायकलवरचा माणूस कोण होता ते तू कधी सांगितलं नाहीस. गोष्टीला त्याची गरजच नव्हती म्हणा.

वर्षाच्या आत तुला बोट मिळाली. जाताना तू माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणालास, घराकडे जरा बघ. तो ‘जरा’ सुप्रियाच्या लग्नापर्यंत पुरला. तुझी गळकी कौलं मी शाकारून घेतली. तुझा पाण्याचा पंप तर मी इतक्या वेळा उघडला, की त्याच्या आवाजावरून मला त्याचं दुखणं कळायचं. तुझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना कूस बदलून द्यायला मी सकाळी शाळेआधी यायचो. सुप्रियाला मी माझ्याच शाळेत घातली आणि माझ्याच स्कूटरवर पुढं उभी करून नेली. रस्त्यात कुणी भेटलं तर ती ओरडून सांगायची, माझे डॅडी बोटीवर वाजवतात. मीही मान हलवायचो.

मनाला सगळ्यात जास्त काय लागलं, सांगू? गावात कुणी एक शब्द बोललं नाही. नवरा समुद्रावर, घरात तरणी बायको, आणि दुसरा एक अविवाहित माणूस रोज सकाळ-संध्याकाळ तिच्या ओट्यावर. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत गावाने काय काय बोलून घेतलं असतं, तुला माहीत आहे आपलं गाव. माझ्या बाबतीत काही नाही. कुणाला संशय घ्यावासाही वाटला नाही. आणि तुलाही वाटला नाही. तू आठ-आठ महिने घराबाहेर असायचास, आणि एकदाही, निदान थट्टेने का होईना, तू मला विचारलं नाहीस, की काय रे, माझ्या बायकोकडे कशाला जातोस? विचारलं असतंस तर मी सुखावलो असतो.

आणि मग तू यायचास. हातात अत्तराच्या बाटल्या, एकदा ॲकॉर्डियन, एकदा असला कसला मिक्सर, की ज्याला आपली वीजच चालेना. तू आलास की तुझ्या घराला खिडक्या जास्त आहेत असं वाटायचं. तू तिला सैपाकघरातून ओढून आणायचास, अंगणात नाचवायचास, ती पिठाचे हात वर धरून नको नको म्हणत नाचायची. मी पक्कड हातात घेऊन पंपाशी बसलेलो असायचो. मी नळ दुरुस्त केला की ती मला चहा द्यायची. चांगला चहा, आलं घालून. पण ती माझ्यासमोर कधी पिठाचे हात घेऊन नाचली नाही.

एकदा तू नाताळला येतो म्हणालास आणि आला नाहीस. तिने घरभर कंदील लावले होते. त्या संध्याकाळी मी तिला म्हटलं, आता तरी त्याच्याशी नीट बोल, भांड त्याच्याशी. ती कंदिलाची वायर गुंडाळत होती. म्हणाली,

"तू आहेस म्हणून मला त्याचा राग येत नाही."

तिने ते आभार मानल्यासारखं म्हटलं, आणि मी ते तसंच घेतलं. घरी येऊन जेवताना मला त्याचा अर्थ कळला. तुझा संसार मी चालवत होतो, पास्कू. नुसते नळ आणि पंप नव्हे. तुझ्यावर यायचा राग मी येऊ देत नव्हतो. मी नसतो, तर एखाद्या वर्षी ती तुला सोडून माहेरी गेली असती, किंवा तूच ताळ्यावर आला असतास. दोन्ही झालं नाही, कारण मी वेळेवर पोचत होतो.

माझ्या आईने माझ्यासाठी स्थळं आणली. दोन-तीन मुली बघितल्याही. एकीला मी आवडलो होतो. पण तिच्या घरच्यांनी बोलावलं त्या रविवारी तुझ्या वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलं, पुढच्या रविवारी आणखी काहीतरी निघालं, आणि मग त्यांनीच निरोप पाठवला, की मुलाला आधीच संसार दिसतोय. आई पुष्कळ दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझं नाव तिच्यासमोर काढायची सोय नव्हती.

आणि तरीही, ती अंथरुणाला खिळली ती शेवटची दोन वर्षं, मी तिला भरवत होतो, न्हाऊ घालत होतो, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मग एका दुपारी तू ॲकॉर्डियन घेऊन आलास. तिच्या खाटेवर, पायाशी बसलास आणि तिला म्हणालास, आंटी, तुमच्या लग्नात कोणतं गाणं वाजवलं होतं? तिने ते गुणगुणून दाखवलं. तिचा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला. तू ते वाजवलंस, मध्ये मुद्दाम चुकलास, तिने तुला दुरुस्त केलं, आणि ती हसली. तू अर्धा तासही बसला नसशील. तू गेल्यावर ती मला म्हणाली, पास्कूसारखा प्रेमळ माणूस मी बघितला नाही.

मी तिच्या पायांना तेल लावत होतो. मी म्हटलं, हो आई.

त्या दिवसासाठी मी तुझा ऋणी आहे, हे मनापासून सांगतो. मला ते करता आलं नसतं. मी तिला आणखी दोन वर्षं जगवलं असतं आणि ती तशीच भिंतीकडे बघत गेली असती. पण तू आलास तेव्हा तिचे केस विंचरलेले होते, चादर धुतलेली होती, खोलीला वास नव्हता. ते तसं नसतं तर तू दाराबाहेरूनच परत गेला असतास, हेही तुला आणि मला, दोघांना माहीत आहे.

बोटीवरची नोकरी सुटली आणि तू कायमचा घरी आलास तेव्हा मला वाटलं, आता माझी सुटका. तू घोडा आणलास.

लोक अजून ती गोष्ट सांगतात. राजोडीच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवार माणसं येतात, त्यांना घोड्यावर बसवायचं, असा तुझा बेत. घोडा वरातीत थकलेला, पांढरा, एका डोळ्याने कमी बघणारा. नाव तू सुलतान ठेवलंस. तुझ्या अंगणात जागा नव्हती म्हणून तो माझ्या वाडीत बांधला. त्याने माझी निम्मी केळ खाल्ली. शनिवारी तू लाल फेटा बांधून त्याला राजोडीला न्यायचास. सोमवार ते शुक्रवार त्याचं दाणापाणी, लीद, माश्या, सगळं माझ्याकडे.

पण एका संध्याकाळी मी तिथं होतो. पर्यटक पांगले होते, ओहोटी होती. तू त्रेजाला म्हणालास, चल, बस. ती चाळिशी ओलांडलेली बाई, नाही नाही म्हणत बसली. तू लगाम धरून पाण्याच्या कडेने पळत सुटलास आणि ती वर ओरडत होती, हसत होती, केस सुटले होते. सुरूच्या झाडांपाशी मी तुमच्या चपला घेऊन उभा होतो. खोटं कशाला बोलू, तिने तुला का निवडलं ते मला त्या घटकेला कळलं. मी असतो तर आधी घोड्याचे खूर तपासले असते. ती मग घोड्यावर बसलीच नसती.

दोन पावसाळ्यांत तुझा उत्साह संपला. सुलतानचा पाय दुखावला, तो उभा राहीना. डॉक्टर म्हणाले, आता याच्यावर कुणाला बसवू नका. विरारकडे एक माणूस म्हातारे घोडे सांभाळायला घेतो असं कळलं. मी बोलणी केली, टेम्पो ठरवला. न्यायच्या दिवशी तू गोव्याला निघून गेलास. सुलतान टेम्पोत चढेना. तो मान वळवून वाडीच्या फाटकाकडे बघत राहिला. तू येशील असं त्याला वाटत असावं. मी त्याच्या मानेवर हात ठेवून, एक-एक पाऊल करत त्याला चढवला.

तू परतलास तेव्हा मी तुला विचारलं, की तू का गेलास. तू म्हणालास, मला बघवलं नसतं. तेव्हा पहिल्यांदा माझा आवाज चढला.

"तुला बघवत नाही. आणि मला बघवतं?"

तू माझ्याकडे असा बघत राहिलास, जसं काही मी अवघड गणित घातलंय. मग अगदी साधेपणाने म्हणालास, "तुला जमतं ते."

हे भांडण आपलं अपुरं राहिलं. मी महिनाभर तुझ्या घरी आलो नाही. मला वाटत होतं, तू येशील, निदान विचारशील, की काय चुकलं. तू आलास तो पंप जळला म्हणून. येताना बोंबील आणलेस, नेहमीसारखा खांद्यावर हात टाकलास, आणि मी पाने-पक्कड घेऊन तुझ्या मागोमाग निघालो. म्हणजे तुझ्या म्हणण्यात तथ्य निघालं. पण पास्कू, जमतं याचा अर्थ दुखत नाही असा होत नाही. सुलतान गेला त्यानंतर वाडीत त्याला बांधायचो त्या कोपऱ्यात मी केळ लावली नाही. तू आलास-गेलास, पण तुला ते कधी दिसलं नाही.

या वर्षी उन्हाळ्यात आपण तुझ्या ओट्यावर बसलो होतो. त्रेजा आत होती. तू एकाएकी विचारलंस, इनास, तुला कधी माझा हेवा वाटला का रे? इतक्या वर्षांनी. मला वाटलं, आता बोलावं सगळं. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात तूच हसलास आणि म्हणालास, तुला कशाला वाटेल, तू संत माणूस. आणि दुसऱ्या विषयावर गेलास. तू प्रश्नही स्वतःच विचारलास आणि उत्तरही स्वतःच दिलंस. ही सवय तुम्हा दोघा नवरा-बायकोची सारखीच.

तू गेलास तोही भरल्या मांडवात. पापडीच्या त्या लग्नात तू स्टेजवर होतास, कसलासा विनोद सांगितलास, सगळा मांडव हसत होता, आणि तू खुर्चीत बसलास आणि मान खाली घातलीस. लोकांना वाटलं, हाही विनोदाचाच भाग. ते आणखी हसले. मी जेवणाच्या टेबलाशी होतो. मी हसत नव्हतो, म्हणून मला आधी कळलं.

आता तुला जे ठाऊक नाही ते सांगतो.

चर्चमध्ये तुझ्या महिन्याची मिस्सा झाल्यावर सुप्रिया बंगळुरूला परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे तुझ्या घरी गेलो. पाव घेतले होते. पंप बघायचा होता, मागच्या दाराची कडी बसवायची होती, तुझे कपडे कुठं द्यायचे ते ठरवायचं होतं. बघतो तर कडी बसवलेली. त्रेजाने नालासोपाऱ्याहून सुतार बोलावून घेतला होता. पंपही कुणीतरी बघून गेला होता. तिने मला ओट्यावर न बसवता आत बसवलं. चहा दिला तो पाहुण्यांच्या कपात. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

ती समोर बसली आणि म्हणाली,

"इनास, आता तू रोज यायची गरज नाही."

मी म्हटलं, मला त्रास नाही काही, सवय आहे. ती म्हणाली, त्रासाचं बोलत नाही मी. मग तिने मला समजावून सांगितलं. ती रागावलेली नव्हती, रडत नव्हती, वर्गातल्या मुलाला सांगावं तसं सांगत होती.

"तो होता म्हणून तू लागायचास. त्याने विसरायचं, तू आठवण ठेवायची. त्याने मोडायचं, तू जोडायचं. आता मोडणारं कोण आहे घरात?"

मी विचारलं, की ते सोडून? म्हणजे, त्याच्याशिवायचं काही? साठीला टेकलेल्या माणसाने हे विचारू नये, मला कळत होतं. आयुष्यात मी तिच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

तिने बशी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाली, "खोटं बोलून तुझा अपमान नाही करणार. मी तुला त्याच्यापासून वेगळा असा कधी बघितलाच नाही."

मग ती आणखी थोडं बोलली. म्हणाली, की लग्नापासून एक माणूस कधी घरात नसायचा आणि एक सारखा असायचा. एकाची वाट बघायची आणि दुसऱ्याला चहा करायचा, यात दिवस गेले. "लोक म्हणतात तू चांगला निवडलास, लोक म्हणतात तू चुकलीस, आणि मला वाटतं मी निवडलंच काही नाही, मला दोन अर्धे-अर्धे मिळाले आणि मी त्यावर भागवलं." तिला आता एकटीने राहून बघायचंय. जमलं तर जमलं.

मी चहा संपवला. पाव टेबलावर ठेवले. ती दारापर्यंत आली, माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, तू नसतास तर आमचं काय झालं असतं. ते तिने मनापासून म्हटलं. मला तो हात हिसकावून घ्यावासा वाटला. मी घेतला नाही.

रस्त्यात दोघा-तिघांनी विचारलं, काय सर, आज लवकर परत?

तेव्हापासून मी घरी बसून तुझा हिशेब मांडत होतो, आणि तो लागत नव्हता. तू माझं काय नेलंस, तर त्रेजा नेलीस. पण ती माझी नव्हतीच. मग काय नेलंस? तू गेलास आणि मला बोलावणारं जगात कुणी राहिलं नाही, हे मला तिच्या त्या पाहुण्यांच्या कपाने शिकवलं. तिने मला कधी बोलावलंच नव्हतं. बोलवायचास तो तू. इनास, पंप. इनास, सुप्रियाची फी. इनास, घोडा. मी आयुष्यभर समजत होतो की मी तिच्यासाठी जातोय. ज्याचा मी दुःस्वास केला त्याच्याच हाकेवर मी जगत होतो, आणि ज्याच्यासाठी रडायला मला वेळ मिळाला नाही त्याच्यासाठी मी परवा भर दुपारी, पानवेलीला काठ्या बांधताना रडलो. शेजारच्या बाईने कुंपणावरून विचारलं, सर, डोळ्यांत काही गेलं का?

काल संध्याकाळी मी चर्चच्या मैदानावरून येत होतो. मैदानात त्रेजा होती. शेजारची एक मुलगी तिला स्कूटर शिकवत होती. त्रेजाने सलवार-कमीज घातला होता, मी तिला त्यात कधी बघितलं नव्हतं. ती सरळ रेषेत बरी चालवत होती, वळणावर तिचा तोल गेला आणि ती स्कूटरसकट आडवी झाली. मी फाटकातून आत धावलो. ती खाली बसलेली होती, कोपराला खरचटलं होतं. तिने मला येताना बघितलं आणि हात वर करून तळवा दाखवला. थांब.

मी थांबलो. ती एकटी उठली. मुलगी पुढं झाली तर तिलाही तिने थांबवलं. स्कूटर तिला एका झटक्यात उचलता आली नाही, तिने गुडघा लावला, दम घेतला, पुन्हा जोर केला. उभी केली. मग बसली आणि निघाली, मैदानाच्या पलीकडच्या टोकापर्यंत गेली, वळली, या वेळी पडली नाही. वळताना ती आमच्याकडे बघत नव्हती. मुलीकडेही नाही, माझ्याकडेही नाही. समोर बघत होती.

मी फाटकाशी आणखी थोडा वेळ उभा राहिलो. काळोख पडायला लागला तसा घरी आलो.

तू सुटलास, पास्कू. मला मात्र उद्या सकाळी उठून कुठं जायचं ते शोधायचं आहे.

इनास